चढता नान, उतरता नान

बाबा नागपूरला अडकले त्या वर्षी आमच्या घरातले सगळे आवाज बारीक झाले. आई कुकरची शिट्टी पुरती होऊ द्यायची नाही. ती सुस्कारायला लागली की चमच्याच्या दांड्यानं जराशी उचलून वाफ सोडून द्यायची. मी जिना उतरताना चपला हातात घ्यायची. बाबांशी फोनवर बोलायचं ते आतल्या खोलीत, कपाटाचं दार उघडून, टांगलेल्या कपड्यांच्या आडोशाला. का, तर भिंती पातळ आहेत. पिस्कॅटवेतल्या आमच्या त्या दुमजली बिल्डिंगमध्ये आठ घरं होती, चार खाली आणि चार वर, आणि आईच्या मते उरलेल्या सातही घरांचे कान आमच्याकडे लागलेले होते.

आजोबा गेले म्हणून बाबा पंधरा दिवसांसाठी गेले होते. परतीच्या व्हिसाचा शिक्का मिळवायला त्यांनी पासपोर्ट जमा केला आणि तो परत आलाच नाही. रोज सकाळी पोळ्या झाल्या की आई त्याच आडोशाला कुजबुजत विचारायची, "काही मेल?" आणि तिकडून बाबा म्हणायचे, "प्रोसेसिंगमध्येच दाखवतंय." आईचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीवर होता, म्हणून आम्ही दोघी तरी इथे राहू शकलो. पण ती नोकरी जर्सी सिटीत. पावणेसातला ती घर सोडायची आणि संध्याकाळी साडेसहाशिवाय परतायची नाही. मी बारा वर्षांची होते. मंडळाच्या कुठल्याशा कार्यक्रमात कुणीतरी आईला सांगितलं होतं, की अमक्यांनी मुलीला एकटं घरी ठेवलं, शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला आणि सरकारनं मुलगी उचलून नेली. ते अमके कोण, कुठल्या गावचे, हे आईनं विचारलं नाही. ती गोष्ट तिच्या मनात जी शिरली ती शिरलीच.

"बाबा कुठेत विचारलं तर काय सांगायचं?" ती वेणी घालताना उजळणी घ्यायची.

"ऑफिसला गेलेत."

"आणि आई?"

"Taking a bath."

"आणि दार?"

"उघडायचं नाही. पण आई, ते थांबले तर? तू काय ten hours आंघोळ करतेस?"

"थांबू देत. दार उघडायचं नाही म्हणजे नाही."

मी हसायची, पण शाळेतून आल्यावर कुलूप उघडायच्या आधी दोनदा मागे वळून बघायची. जिन्यात कुणाची पावलं वाजली की मी श्वास धरायची. आज या वयात मला आईची भीती कळते. एका परक्या देशात, एका कागदाच्या आधारावर, एकटीनं मूल सांभाळणारी बाई ती. पण तेव्हा मला एवढंच कळलेलं होतं, की माझ्या तोंडून एक चुकीचा शब्द गेला तर पोलीस आईला घेऊन जातील.

आमच्या बरोब्बर खालच्या घरात लिन आजोबा राहायचे. त्यांची मुलगी मेई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. चीनमधल्या एका छोट्या गावात आजोबांनी जन्मभर शाळेत जुन्या चिनी ग्रंथांची भाषा शिकवली होती. बायको गेल्यावर मेईनं त्यांना इकडे आणलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि एकदा त्यांनी शेगडी चालू ठेवून डुलकी काढली होती. आई आणि मेई, दोघींची गाठ पडली बिल्डिंगच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनपाशी. तिथेच ठरलं, की शाळा सुटल्यावर मी आजोबांकडे बसावं. आईला वाटलं, म्हातारा माणूस मुलीवर लक्ष ठेवेल. मेईला वाटलं, मुलगी म्हाताऱ्यावर लक्ष ठेवेल. आम्ही दोघं मात्र ठेवल्या जागी बसून एकमेकांकडे बघत राहिलो.

पहिला आठवडा असाच गेला. मग एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे वाडग्यात काहीतरी पांढरं, वाफाळतं ठेवलं आणि मी चाखून पाहिलं तर तो चक्क आपला मऊ भात! वर शेंगदाणे, बाजूला खारवलेला मुळा. दुसऱ्या दिवशी मी वरून मेतकुटाचा डबा घेऊन आले. त्यांनी चमचाभर मेतकूट भातावर टाकलं, वास घ्यायला वाकले आणि तीनदा शिंकले. पण त्यानंतर रोज दुपारी, मी बूट काढेपर्यंत, टेबलावर दोन वाडगे आणि मधोमध मेतकुटाचा डबा असायचा. मी त्यांना 'लाओशी' म्हणायला लागले. म्हणजे गुरुजी. हे मला मेईनं शिकवलं.

त्यांच्या घराला मागच्या बाजूला काचेचं सरकतं दार होतं आणि बाहेर सिमेंटचा चौथरा. तिथे ते खुर्ची टाकून बसायचे आणि लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून जमिनीवर अक्षरं काढायचे. शाई नाही, नुसतं पाणी. ऊन असलं की अक्षर बघता बघता वाळायचं. एकदा त्यांनी असं एक अक्षर काढलं, ज्याला एकोणीस रेघा होत्या: 難. एकोणिसावी रेघ ओढेपर्यंत पहिल्या दोन वाळून गेल्या होत्या.

"नान," ते म्हणाले.

मला हसू फुटलं. माझ्या डोळ्यांपुढे लोणी लावलेली नान आणि पनीर उभं राहिलं. ते शांतपणे थांबले. माझं हसणं संपल्यावर त्यांनी अक्षराच्या उजव्या भागावर कुंचला टेकवला. "बर्ड," म्हणाले आणि मागे हात नेऊन आखूड शेपटी हलवून दाखवली. फार जुन्या काळी हे एका पक्ष्याचं नाव होतं, असं मेईनं मला नंतर समजावलं. पुढे त्याच उच्चाराचा दुसरा शब्द लिहायला लोकांनी हे अक्षर उसनं घेतलं, ते परत केलंच नाही, आणि पक्षी बिचारा विसरला गेला.

दुसरा शब्द म्हणजे अवघड. सूर खालून वर न्यायचा, आपण नवल वाटून "काय?" म्हणतो तसा. पण तोच सूर वरून खाली आदळला, आई "नाही!" म्हणते तसा, की अर्थ बदलतो. मग ते संकट. अरिष्ट. अक्षर तेच, रेघा त्याच, फरक फक्त आवाजाच्या उतरणीचा. आजोबांनी जाडजूड कोश काढून मला दोन्ही इंग्रजी शब्द बोटानं दाखवले. एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हातात पेन्सिल दिली, "नान," म्हणाले चढत्या सुरात, आणि माझ्या खांद्यावर दाब दिला. बस, सावकाश सोडव. मग "नान!" उतरत्या सुरात, आणि खुर्ची मागे ढकलून, वयाच्या पंच्याहत्तरीत, ते खोलीच्या दारापर्यंत खरोखर धावत गेले. उतरत्या नानचा आणखी एक अर्थ होता: एखाद्याला पेचात पकडणारे प्रश्न विचारणं. तो सांगताना त्यांनी कपाळाला आठ्या घालून माझ्यावर बोट रोखलं आणि मी त्या खेळातसुद्धा घाबरले.

तेव्हापासून आमच्या दोघांच्या बोलण्यात हा शब्द मिठासारखा वापरला जाऊ लागला. अपूर्णांकांची गणितं, घट्ट बसलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण, मेईच्या फोनवरचं नवीन ॲप, सगळं चढता नान. उतरत्याची वेळ आली नव्हती. फक्त बाबांच्या पासपोर्टचं काय, तो चढता की उतरता, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. बाबा ऑफिसला गेले होते ना!

उन्हाळा संपता संपता आलेलं एक मोठं वादळ दक्षिणेत कुठेतरी विरलं होतं. आमच्याकडे नुसता पाऊस येईल असं फोनवर दाखवत होतं. शाळेची बस नेहमीच्या वेळेला आली. मी भिजून आजोबांकडे पोचले, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि गणित घेऊन बसले. पावसाचा आवाज इतका सलग होता की थोड्या वेळानं तो ऐकूच येईना. मग न्हाणीघरातून एक वेगळा आवाज आला, कुणी चूळ भरावी तसा. टबाच्या भोकातून काळं पाणी वर येत होतं. मी बघायला गेले तोवर काचेच्या दाराखालूनही पाणी आत आलं, गालिचाचा रंग गडद करत हळूहळू पुढे सरकलं. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. मी कपाटातले टॉवेल काढले, दाराशी अंथरले आणि आजोबांना म्हटलं, "नान, लाओशी." चढता. जमेल आपल्याला.

ते काचेपाशी उभे होते. बिल्डिंगमागून वाहणाऱ्या ओढ्याकडे बघत होते. ओढा म्हणून जे होतं ते दिसत नव्हतं, नुसती तपकिरी, हलणारी जमीन दिसत होती आणि ती आमच्याकडे येत होती.

"नान!" ते ओरडले.

मी तो सूर त्यांच्या तोंडून खेळात ऐकला होता. खरा पहिल्यांदा ऐकला. तरी माझे पाय हलले नाहीत. "It's just water," मी म्हटलं, "थांबा, माझा फोन..." आणि स्वयंपाकघराकडे वळले. आजोबांनी माझं मनगट पकडलं. त्या वाळक्या बोटांत इतकी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "नान! नान!" ते मला ओढत दारातून जिन्यात घेऊन गेले. आम्ही अनवाणीच होतो. सहाव्या पायरीवर असताना खाली काच फुटली. तो आवाज एकदम झाला आणि लगेच पाण्याच्या आवाजात बुडाला. मग त्यांचं जेवणाचं टेबल आतून दारावर आपटायला लागलं, ठक, ठक, कुणीतरी आत राहिल्यासारखं. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं. फोन जिथे होता ते स्वयंपाकघर काचेच्या दाराला लागूनच होतं. पुढे आयुष्यात मी कितीतरी घरं बदलली, पण कुठल्याही घरात न्हाणीघराची मोरी गुडगुडली की अजून मी आधी बाहेरच्या दाराकडे बघते.

माझ्या गळ्यात आमची किल्ली होती. वर आलो तर वीज गेलेली. मी आजोबांना बाबांचा कोरडा लेंगा दिला. तो घालून ते आमच्या सोफ्यावर बसले, ओठ निळे पडलेले. तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"फायर डिपार्टमेंट! आत कुणी आहे का?"

मी तोंडावर हात दाबला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली. उघडायचं नाही, आई आंघोळ करतेय, बाबा ऑफिसला गेलेत. पुन्हा थापा. मग बूट वाजत शेजारच्या दाराकडे गेले. आजोबा उठले, माझ्या समोरून चालत गेले आणि त्यांनी दार उघडलं.

आम्हाला रबरी होडीत बसवलं. विजेच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं होतं, बिल्डिंग रिकामी करायची होती. ज्या फुटपाथवरून मी रोज चालायची त्यावरून आम्ही होडीतून जात होतो आणि गाड्यांची नुसती टपं दिसत होती. हेल्मेट घातलेल्या एका बाईनं माझ्याभोवती ब्लँकेट गुंडाळलं आणि मायेनं विचारलं, "बाळा, आईबाबा कुठे आहेत?"

तिच्या कपाळावर आठी नव्हती, तिनं बोट रोखलं नव्हतं. तरी मी ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. ऑफिसला, आंघोळीला, पाठ केलेलं एकही उत्तर तिथे चालणार नव्हतं.

"He's my grandfather," मी म्हटलं. "I live with him."

तिनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. पाऊस कोसळत होता, मागे एक बाई कुत्र्याच्या नावानं रडत होती. तिनं मान डोलावली.

शाळेच्या जिममध्ये खाटा मांडल्या होत्या. दारातल्या टेबलावर एका स्वयंसेविकेनं नावं विचारली. आजोबांच्या खिशातल्या कार्डावरून त्यांचं नाव घेतलं, मेईच्या हॉस्पिटलमध्ये निरोप ठेवला. माझं नाव मीच सांगितलं: रेवा लिन. घाटे हे नाव मी गिळून टाकलं. तिनं मोठ्या कागदावर जाड मार्करनं ते लिहिलं आणि कागद दारावर चिकटवला. सुटले, असं मला वाटलं. आईला कुणी काही करणार नाही.

मग तास गेला. लोक येत होते, दारावरची यादी वाचत होते, कुणी ओरडून आत धावत होते, कुणी मान खाली घालून परत जात होते. मी एका बाईंकडे फोन मागितला आणि आईचा नंबर लावला. आईचा रेकॉर्ड केलेला, हसरा आवाज आला, निरोप ठेवा म्हणून. मी निरोप न ठेवता फोन परत दिला. ट्रेन पाण्यात असेल. आई ट्रेनमध्ये असेल. मला पाण्यावर तरंगणारा तिचा जेवणाचा निळा डबा दिसायला लागला.

आसपासची लहान मुलं रडत होती. आजोबांनी जेवणाची एक कागदी ताटली घेतली, मागच्या बाजूला पेनानं तेच एकोणीस रेघांचं अक्षर काढलं आणि मला दाखवलं. "नान," मी कसंबसं म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "नुओ," ते म्हणाले. हा तिसराच उच्चार मला ठाऊक नव्हता. पुष्कळ वर्षांनी, कॉलेजात जुन्या चिनीचा एक वर्ग घेतला तेव्हा मला त्याचा उलगडा झाला: जुन्या ग्रंथांत हे अक्षर असं वाचलं, की अर्थ होतो रोगराई आणि भुतंखेतं हाकलायचा विधी, ज्यात माणसं भयंकर मुखवटे घालून नाचत. त्या दिवशी त्यांनी नुसती ताटलीला दोन भोकं पाडली, रागीट भुवया आणि सुळे काढले, ती तोंडाला लावली आणि बाबांच्या ढगळ लेंग्यात, अनवाणी, पाय आपटत खाटांमधून चालू लागले. मुलं आधी किंचाळली, मग खिदळली, मग सगळ्यांना ताटल्या हव्या झाल्या. मला हसू आलं नाही. मी दाराकडे बघत होते.

आजोबांनी मुखवटा खाली घेतला आणि तेही दाराकडे बघायला लागले. लोक येतात, यादी वाचतात आणि जातात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी मला बाहीला धरून तिथे नेलं. स्वतःच्या नावाची रोमन अक्षरं त्यांना ओळखता यायची. त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं, मग तिथल्या 'लिन'वर, आणि माझ्याकडे पाहिलं. मला रडू कोसळलं. मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा नागपूरला आहेत, आई एकटी आहे, खरं सांगितलं तर तिला नेतील, मी तिचं नाव मुद्दाम दिलं नाही. सांगितलं ते मराठीत. त्यांना एक अक्षर कळलं नसेल. ते ऐकत राहिले, आणि मग त्यांनी टेबलावरचा मार्कर उचलला.

उन्हाळ्यात एकदा, त्यांच्या एवढ्या अक्षरांच्या बदल्यात, मीही त्यांना माझं नाव शिकवलं होतं. त्यांना देवनागरीच्या वरच्या रेघेचं फार कौतुक होतं. ते तिला छप्पर म्हणायचे आणि आधी छप्पर घालून मग खाली अक्षरं टांगायचे. आताही त्यांनी आधी आडवी रेघ ओढली, थोडी वाकडी, आणि तिच्याखाली लिहिलं: रेवा.

रात्री साडेनऊच्या सुमारास आई आली. तिची ट्रेन मधेच थांबली होती, फोन बंद पडला होता, ती उतरून चालत आली होती. तिनं आमची बिल्डिंग पाहिली होती. आधी दुसऱ्या शाळेतली यादी पाहिली होती. इथेही तिनं 'घाटे' दोनदा शोधलं, 'लिन' शोधायचं त्या भीतीत तिला सुचलंच नाही, स्वयंसेविका "सॉरी" म्हणाली, आणि ती वळणार तोच तिला कागदाच्या तळाशी ती वाकडी शिरोरेघ दिसली.

मी तिला पाहिलं तेव्हा ती कमरेपर्यंत चिखलात माखलेली, बूट हातात घेऊन माझ्यापुढे उभी होती. तिनं आधी माझ्या एक थोबाडीत दिली. मग मला इतकं घट्ट धरलं की मला श्वास घेता येईना.

"तुझं नाव नव्हतं," ती म्हणत होती. "दोन्हीकडे नव्हतं गं. मी त्या पाण्यासमोर उभी होते, रेवा. मी काय समजले असेन?"

"तूच म्हणालीस, don't tell anyone."

तिचे हात सैल पडले. "हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले."

"They'll take you, Aai."

"नेऊ देत मला कुठे न्यायचं तिथे. पण तू सापडायला हवीस. आधी स्वतःचं खरं नाव सांगायचं. कळलं? कुणीही विचारू दे, आधी नाव."

मग ती आजोबांच्या पाया पडायला वाकली. त्यांना काय चाललंय ते कळेना, तेही घाईघाईनं वाकले, आणि दोघांची डोकी आपटली.

आम्हाला तात्पुरती मोटेलची एक खोली मिळाली होती. तिथे टाऊनशिपच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसातून एक बाई भेटायला आल्या तेव्हा आई खुर्चीच्या टोकावर ताठ बसली होती. बाईंनी विचारलं, कोरडे कपडे आहेत का, औषधं वगैरे वाहून गेली का, मुलीच्या शाळेची पुस्तकं? एक फॉर्म दिला आणि निघून गेल्या. आईनं दार लावलं आणि फॉर्म दोनदा वाचून काढला. जो प्रश्न येणार म्हणून तिनं चार महिने श्वास रोखला होता तो तिला कुणी विचारलाच नव्हता. लिन आजोबांना मेईनं ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात राहणाऱ्या आपल्या भावाकडे पाठवलं. खालच्या मजल्यावर परत राहायला जाणं शक्यच नव्हतं. जाताना ते बाबांचा लेंगा धुऊन, इस्त्री करून देऊन गेले. बाबा थंडी पडता पडता आले.

पण ते यायच्या आधीची, आम्ही वरच्या घरात परत राहायला गेलो त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची आहे. शनिवारी सकाळी आईनं माझी वेणी घातली, मला हाताशी धरलं आणि आमच्या मजल्यावरची तिन्ही दारं वाजवली. मग समोरच्या बिल्डिंगमधली. प्रत्येक दारात तेच सांगत होती, आवाज कापत होता तरी सांगत होती: ही माझी मुलगी रेवा. हिचे बाबा भारतात अडकलेत. मी साडेसहाला येते. तोवर ही एकटी असते. एकीनं दाराची साखळी न काढता "ओके" म्हटलं आणि दार लावलं. एका घरात कुणी उघडलंच नाही. एका बाईंनी फोन नंबर लिहून दिला.

शेवटचं दार उघडलं ते चाकांच्या वॉकरला धरून उभ्या असलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थांनी. आई बोलायला लागली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मला माहिती आहे," ते म्हणाले. "ही पावणेतीनच्या बसनं उतरते. तुमच्या दारातून आत जाईपर्यंत मी खिडकीत असतो."

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"हिचे वडील दिसेनासे झाले तेव्हापासून. त्या पावसाच्या दिवशी फायरवाल्यांना मीच सांगितलं, वरच्या घरात एक मुलगी आहे म्हणून."

आईनं दाराची चौकट धरली. त्यांनी वॉकर बाजूला घेतला, वाट करून दिली आणि आत येता का म्हणून विचारलं. आम्ही आत गेलो.